सरासरी शैलजा

बोलपट्टी गळ्यात चढवल्यावर शैलजा मगदूम यांच्या तोंडून आलेलं पहिलं वाक्य होतं, "चहा ठेवू का?"

तोंडून म्हणायचं ते आपलं म्हणायला. तोंड मिटलेलंच होतं. आवाज गळ्यातल्या पट्टीतून आला. पण आवाज मात्र हुबेहूब त्यांचा, किंचित नाकातला, 'का'वर थोडा रेंगाळणारा. अभयराव आधी हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. शैलजाबाईंना पक्षाघाताचा झटका येऊन साडेचार महिने झाले होते. तेवढे दिवस घरात आवाज होता तो फक्त मिक्सरचा.

"ऐकलंत का, मॅडम?" ते वाचोपचार करणाऱ्या तेहसीन मुल्लांना म्हणाले. "चौतीस वर्षांच्या संसारात हिनं एकदाही चहा ठेवलेला नाही. आमच्याकडे चहा मी करतो. ही पिते कॉफी, तीही मीच केलेली!"

मिरजेच्या इस्पितळातल्या त्या छोट्या खोलीत तेहसीनबाई हसल्या नाहीत. शैलजाबाईही हसल्या नाहीत. उजवा हात त्यांच्या मांडीवर निपचित पडला होता. डाव्या हाताने त्यांनी पट्टी चाचपली आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. पट्टीवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

"बरं वाटतंय मला," पट्टी म्हणाली.

अभय मगदूम कोण, हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नसे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षं आयटीप्रमुख होते. पण कारखान्यात माणसाला ओळखतात ती माणसं किती? लोक त्यांना ओळखायचे ते 'बटण दाबण्याआधी' या सदरामुळे. दर रविवारी, एकोणीस वर्षं. बाजारात नवं काही आलं, मग ते घरातलं असो की कचेरीतलं, तर मगदूम काय म्हणतात ते वाचल्याशिवाय अर्धी सांगली पाकिटाला हात लावत नसे.

आणि मगदूम म्हणायचे तरी कसं! बोलणाऱ्या फ्रिजबद्दल: 'दूध संपलं हे मला कळतं. आणायला कोण जाणार, ते ह्याला विचारा.' चेहरा बघून हजेरी लावणाऱ्या यंत्राबद्दल: 'जिथं माणसं वेळेवर येतात तिथं हे लागत नाही, आणि जिथं येत नाहीत तिथं हे चालत नाही.' प्रत्येक लेखाच्या शेवटी ते यंत्र नात्यात बसवायचे. अमुक फोन म्हणजे जावई, मान द्या पण घरी ठेवू नका. तमुक हिशेबाची प्रणाली म्हणजे भाडेकरू, राहू द्या पण मालक करू नका. लोक रविवारी पेपर उघडून आधी शेवट वाचायचे, या वेळी कोणतं नातं ते बघायला.

आता गंमत ऐका. यातलं एक वाक्यही अभयरावांचं नव्हतं.

पहिला लेख त्यांनी स्वतः लिहिला होता. संपादकांनी तो परत पाठवला, वर शेरा मारून: 'यापेक्षा यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक वाचायला बरं.' अभयरावांचं तोंड एवढंसं झालं. शैलजाबाई मात्र पोट धरून हसल्या. टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या, नंतर तक्रारखिडकीवर. यंत्र बिघडलं की माणूस काय काय बोलतो, हे त्यांनी आयुष्यभर कानांनी ऐकलेलं. "आणा इकडं," म्हणाल्या, "आणि मला समजेल असं सांगा."

त्या दिवसापासून रीतच पडली. शनिवारी दुपारची जेवणं उरकली की अभयराव नवं यंत्र घेऊन बसायचे आणि त्याची कुंडली सांगायचे. शैलजाबाई "म्हणजे काय?" असं विचारत राहायच्या. चार-पाच वेळा 'म्हणजे काय' झालं की अभयरावांचे इंग्रजी शब्द संपायचे. मग शैलजाबाई जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून एका बैठकीत लेख लिहून काढायच्या. तोवर अभयराव स्वतःला चहा आणि त्यांना कॉफी करायचे. मग दोन बोटांनी लेख टाइप करायचे आणि पाठवून द्यायचे. कॅलेंडरचं पान रद्दीत.

नाव अभयरावांचं. आयटीप्रमुखाचं मत म्हणून संपादकांनी मागितलेलं, तिथं टेलिफोन खात्यातल्या बाईचं कोण वाचणार, असं तेव्हा दोघांनाही वाटलं. निदान अभयरावांना तरी वाटलं. शैलजाबाईंना काय वाटलं ते त्यांनी विचारलं नव्हतं.

तेहसीनबाईंनी त्या दिवशी बोलपट्टीचं सगळं नीट उलगडून सांगितलं.

"काका, बोलणं दोन मजली असतं असं समजा. वरच्या मजल्यावर अर्थ तयार होतो, खालच्या मजल्यावर त्याचे शब्द होतात. काकूंचा वरचा मजला शाबूत आहे. त्यांना सगळं समजतं, सगळं सुचतं. खालचा कोसळलाय. म्हणून बोलता येत नाही, आणि डाव्या हातानं लिहिताही येत नाही. केसांखाली जी जाळी बसवलीय ना, ती वरच्या मजल्यावरची वीज टिपते. पण तिला सगळं नाही दिसत. धुक्यातनं दिसावं तेवढंच. मघाशी तिला दिसलं ते एवढंच: काहीतरी प्यायचं, प्रश्न आहे, समोर नवरा आहे."

"आणि त्याचं 'चहा ठेवू का' झालं?"

"वाक्य यंत्र जुळवतं. तेवढ्याच अर्थाची शंभर वाक्यं होऊ शकतात. त्यातलं या बाईनं कोणतं निवडलं असतं, हे ओळखायला यंत्राला तिचं आधीचं लिहिणं-बोलणं लागतं. पन्नास हजार शब्द तरी. ते नसले तर ते सरासरी काढतं. साठीच्या आसपासची, या भागातली, विवाहित, निवृत्त बाई अशा वेळी बहुतेक काय म्हणाली असती, ते."

शैलजा काय म्हणाली असती, हे अभयरावांना सरासरी न काढताही माहीत होतं. 'अहो विद्वान, कॉफी मिळेल का, की तिलाही यंत्र लागतं?'

"एक लक्षात ठेवा," तेहसीनबाईंचा सूर उतरला. "नव्वद दिवस आहेत आपल्या हातात. मेंदू हुशार असतो तसा आळशीही असतो. जे वाक्य मिळतं तेच मागायला शिकतो. नव्वद दिवस काकूंना सरासरी वाक्यं मिळत राहिली तर त्यांचं सुचणंही त्याच वळणावर जाईल. मग नंतर पन्नास हजार काय, दहा लाख शब्द घातले तरी उपयोग नाही. त्यांचं लिहिलेलं काही असेल ते सगळं आणा."

"असेल काय, ढीगभर आहे!" अभयराव ताडकन उठले.

घरी येऊन त्यांनी शैलजाच्या नावावरचं होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं. मुलीला, ऋजुताला, पाठवलेले निरोप, बँकेतला एक तक्रारअर्ज, भिशीच्या गटातली बडबड. सगळे मिळून साडेनऊ हजार शब्द भरले, आणि त्यात 'कोथिंबीर' त्र्याण्णव वेळा. 'लिहीत काय बसायचं, देवानं तोंड दिलंय की,' असं म्हणणारी बाई ती. जे लिहायचं ते तिने शनिवारी लिहिलं होतं. नऊशे चाळीस लेख. सात लाख शब्द.

ते त्यांनी पट्टीला जोडले. पट्टीने ते घेतले नाहीत. पडद्यावर ओळ उमटली: 'परकं लेखन. मोहर: अभय मगदूम.'

अभयराव खुर्चीत मागे रेलून बसले.

लेखनमोहर चार वर्षांपूर्वी आली. कुणाच्याही नावाने कुणीही काहीही लिहून पसरवावं असे दिवस होते ते, खरं-खोटं कळेनासं झालेलं. मग सरकारने कायदा केला. माणसाने आपलं लेखन नोंदवायचं. यंत्र त्याची भाषा, त्याची मतं, टाइप करतानाची बोटांची लय सगळं तपासून त्यावर मोहर उठवणार. एकदा मोहर उठली की ते लेखन त्याचं. 'बटण दाबण्याआधी'मध्ये मोहरेचं तोंड भरून कौतुक आलं होतं: 'माणूस विसरतो, माणूस पलटतो, मोहर नाही. हिला थोरली आत्या समजा. कुणाचं काय, हे हिच्या बरोब्बर ध्यानात असतं.'

आणि अभयरावांनी स्वतःचे सगळे लेख हौसेने नोंदवले होते. तो दिवस त्यांना लख्ख आठवला. शैलजा ओल्या हळदीचं लोणचं घालत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. अर्जात प्रश्न होता, सहलेखक आहे का?

"घाला की माझं नाव," ती म्हणाली होती. "कोपऱ्यात. मुंगीएवढं."

"अगं, सहलेखक म्हटलं की दोघांच्या चाचण्या, दोघांचे अंगठे, सतरा भानगडी. आणि तुला काय करायचंय ते?"

"मला? मला काय करायचंय," असं म्हणून ती बरणी पुसायला लागली. अभयरावांनी रकाना मोकळा सोडला.

आता त्या मोकळ्या रकान्यात शैलजा अडकली होती.

पहिले तीन आठवडे त्यांनी सरळ मार्गाने घालवले. लेखनमोहर कार्यालयाला अर्ज केला: माझं लेखन माझ्या पत्नीच्या बोलपट्टीसाठी वापरायला माझी हरकत नाही. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. हरकत तुमची नाही, कायद्याची आहे. धंद्यासाठी, करमणुकीसाठी आपलं लेखन खुशाल द्या. रुग्णाच्या तोंडी मात्र दुसऱ्याचे शब्द घालता येणार नाहीत. धंद्यासाठी दिलेलं होतंच. वर्तमानपत्राने त्याच लेखांवरून 'मगदूम म्हणतात' नावाचा सल्लागार काढला होता. फोनवर काहीही विचारा, अभयरावांच्या आवाजात खुसखुशीत उत्तर. सात लाख शब्द गावभर बोलत हिंडत होते, फक्त जिचे होते तिला मिळत नव्हते.

इकडे घरी शैलजा बोलत होती. "जेवलात का?" "काळजी करू नका." "देवाची कृपा." जैन घरातली असूनही बसदीत देवदर्शनाला वर्षातून दोनदा जाणारी ही बाई दिवसातून दहा वेळा देवाची कृपा म्हणू लागली. प्रत्येक वाक्यानंतर तिचा डावा हात पट्टीकडे जायचा. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा पट्टी ओढून फेकली. तिसऱ्या आठवड्यात फेकणं थांबलं.

बंगळुरूहून ऋजुताचा फोन आला. "बाबा, आई किती शांत झालीय हो! आधी मला दोन वाक्यांत तीन टोमणे मारायची. आज म्हणाली, 'सुखी राहा.' मला रडूच आलं."

"मलाही," अभयराव म्हणाले. पण ते का, हे तिला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

सरळ मार्ग संपल्यावर आयटीवाला जागा झाला. नऊशे लेखांतले शंभर निवडून त्यांनी शब्द बदलले, वाक्यं पुढेमागे केली, मोहरेला ओळखू येणार नाही असा वेष चढवला. बारा दिवस बसून सत्तर हजार शब्द तयार केले. एका शुक्रवारी सकाळी ते हळूच पट्टीत सोडले. हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला.

शैलजाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"अहो विद्वान," पट्टी म्हणाली, "इतके दिवस कुठं तडमडला होता?"

अभयरावांच्या हातातला कप तिथेच राहिला. "शैला?"

"नाही, तिची सरासरी." तोंडाचा डावा कोपरा वर गेला. "कॉफी करा. आणि दाढी करा. आजारी मी आहे, तुम्ही नाही."

ते हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच कळेना. गुडघ्यांवर तिच्या खुर्चीजवळ बसले. ती बोलत सुटली. नर्स बाईंचा हात फार थंड, ऋजुताला म्हणावं मी सुखी राहा वगैरे काही म्हटलेलं नाही, कुकरच्या चार शिट्ट्यांनी डाळीचा चिखल होतो. पंधरा-वीस मिनिटं. मग ती थांबली, पट्टीवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले. अभयरावांना हा चेहरा एकोणीस वर्षं ठाऊक होता. कॅलेंडरचं पान संपत आलं की तो यायचा. आता नातं येणार.

"आणि ही पट्टी म्हणजे..."

दिवा तांबडा झाला. 'परकं लेखन आढळलं. तीन दिवस सेवा बंद. पुन्हा असा प्रयत्न झाल्यास उपकरण परत घेतलं जाईल.'

शैलजाबाईंचे ओठ हलले. आवाज आला तो घशातला, घोगरा, बिनशब्दाचा. त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली, पुन्हा आपटली. अभयरावांनी ती मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

एकच वाट उरली: खरं सांगणं. मोहरच चुकीची आहे, लेख हिचे आहेत. चौतिसाव्या दिवशी त्यांनी कबुलीजबाब लिहिला. आपल्या हाताने, आपल्या भाषेत: 'सदर स्तंभातील मजकूर प्रत्यक्षात माझ्या पत्नीने लिहिलेला असून मी केवळ तांत्रिक माहिती पुरवीत असे.' पाठवल्यावर मोहरेने नियमाप्रमाणे तो तपासला आणि निकाल दिला: 'हा मजकूर अभय मगदूम यांचा असण्याची शक्यता सहा टक्के. बनावट कबुलीजबाबाचा संशय. कुणाच्या दबावाखाली असल्यास मदत क्रमांकावर संपर्क साधा.'

आता काय बोलायचं! मोहरेच्या लेखी अभय मगदूम म्हणजे तो खुसखुशीत लिहिणारा. हा रुक्ष बोलणारा कोण टिकोजीराव?

त्यांनी पुरावा शोधायला घर उपसलं. एकोणीस वर्षांची कॅलेंडरं रद्दीवाल्याकडे गेलेली. शेवटी मसाल्याच्या कपाटात, हळदीच्या डब्याखाली अंथरलेलं एक पान मिळालं. कुठल्याशा फेब्रुवारीचं. मागे शैलजाचं गिचमिड अक्षर, खाडाखोड, शेवटी 'म्हणून ह्याला मेहुणा समजा'. ते पान त्यांनी छातीशी धरलं. ते पाठवल्यावर तीन आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला: 'हस्ताक्षर शैलजा मगदूम यांचं. मजकूर अभय मगदूम यांच्या छापील लेखाशी जुळतो. उतरवून घेतला असावा.'

सुनावणी ठरली ती एक्क्याऐंशीव्या दिवशी. मोठ्या पडद्यावर लेखनमोहर कार्यालयाच्या अधिकारी श्रीमती दळवी होत्या, पुण्याहून. पन्नाशीच्या, समजूतदार चेहऱ्याच्या. त्या तुसड्या असत्या तर अभयरावांना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"मगदूम सर, मी तुमचं सदर वाचायची हो. माझ्या आईला मिक्सर घेतला तो तुमच्या सांगण्यावरून."

"माझ्या नाही, मॅडम. हिच्या." त्यांनी शेजारी बसलेल्या शैलजाबाईंकडे हात केला. "मी फक्त टाइप करायचो."

"तुमचं बायकोवरचं प्रेम मला समजतं, सर. पण जरा माझ्या जागी बसून बघा. हा कायदा झाला कशामुळे? नवऱ्यांनी आजारी बायकांच्या पट्टीत आपले शब्द घातले आणि त्यांच्याकडून घरंदारं लिहून घेतली. नवऱ्याचे शब्द बायकोच्या तोंडी जाऊ नयेत, यासाठीच तर हा सगळा खटाटोप."

अभयरावांना हे पटत होतं. कायदा चांगला होता. शैलजानेच लिहिलं होतं तो चांगला आहे म्हणून.

"तिलाच विचारा मग," ते कसेबसे म्हणाले. "तिला सगळं समजतं."

"विचारणारच आहे. पण मान हलवलेली मला धरता येणार नाही. या आजारात होकार-नकार उलटसुलट होतात, असं डॉक्टरांचंच म्हणणं. पट्टीतून येईल तोच जबाब." त्या पुढे वाकल्या. "शैलजाताई, 'बटण दाबण्याआधी' हे सदर कुणी लिहिलं?"

शैलजाबाईंनी जोराने मान डोलावली. डावा हात छातीवर आपटला. चेहरा लालबुंद झाला, कपाळावरची शीर फुगली. हिरवा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला. अभयरावांनी जन्मात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. डोळे मिटून त्यांनी देवाला हात जोडले.

"ह्यांनीच लिहिलं," शैलजाचा आवाज म्हणाला, नाकातला, किंचित रेंगाळणारा. "मला काय कळतंय त्यातलं?"

श्रीमती दळवींनी मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. शैलजाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात अजून छातीवरच होता.

पुढचे नऊ दिवस सांगण्यासारखे नाहीत. तेहसीनबाईंनी दोन वकिलांचे नंबर दिले. दोघांनीही वर्ष लागेल म्हणून सांगितलं. शैलजाबाई पट्टी निमूट घालू लागल्या. सकाळी उठल्यावर स्वतःच गळा पुढे करायच्या. त्यांचा डावा हात आता पट्टीकडे जात नव्हता. "जेवलात का?" म्हणताना मान हलत नव्हती. अभयरावांना खरी भीती वाटली ती तेव्हा.

नव्वदावा दिवस शनिवारचा होता. दुपारची जेवणं उरकली. अभयरावांनी तिच्यासाठी कॉफी केली, स्वतःसाठी चहा, आणि सवयीने टेबलाशी येऊन बसले. समोर नवं यंत्र नव्हतं, कॅलेंडरचं पान नव्हतं. शैलजा होती. त्या शुक्रवारचं अर्धं राहिलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात सत्तावन्न दिवस कुरतडत होतं. पट्टी म्हणजे कोण? त्यांनी आपल्या परीने पुरं करून पाहिलं होतं, पण ते त्यांचं काम नव्हेच. ते पुरं करू शकेल असं गावात एकच होतं.

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि 'मगदूम म्हणतात'ला विचारलं, "बोलपट्टीबद्दल तुमचं मत काय?"

फोन अभयरावांच्याच आवाजात बोलू लागला. "मत? ज्याची वाचा गेली त्यानं घ्यावी, बाकीच्यांनी हसू नये. पण घेताना एक ध्यानात ठेवा. तुम्हाला काय म्हणायचंय ते हिला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं ती चारचौघींना विचारून येते. म्हणून ही पट्टी म्हणजे शेजारीण. बेल आपल्या दाराची वाजते आणि दार ही उघडते."

शैलजाबाईंची मान झटकन वर आली. कित्येक दिवसांत असे डोळे दिसले नव्हते. तोंडाचा डावा कोपरा हलला, मग सगळं अंगच हललं, त्या हसत होत्या, बिनआवाजाचं, पोट धरून. तेच होतं. तेच वाक्य होतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट फोनकडे केलं आणि मग स्वतःच्या छातीवर टेकवलं. फोन. छाती. फोन. छाती.

हिरवा दिवा लुकलुकला.

"किती छान लिहिता हो तुम्ही," पट्टी म्हणाली.

अभयराव उठले. टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेले आणि ते छातीवरचं बोट त्यांनी आपल्या मुठीत धरलं.

"तू लिहितेस, शैला," ते म्हणाले. "पहिल्यापासून तूच. मी नुसतं नाव लावलं. त्या रकान्यात तुझं नाव घालायला हवं होतं मी. मुंगीएवढं नाही, माझ्या वर. चुकलो मी."

शैलजा त्यांच्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षांत हे वाक्य तिने मागितलं नव्हतं, आणि ते यायचं राहिलंय हे तिला रोज माहीत होतं, एवढं त्यांना त्या डोळ्यांत दिसलं. तिच्या आत काहीतरी खूप मोठं उठत होतं. दिवा लुकलुकायला लागला तो थांबेचना, कधी नव्हे इतका वेळ.

दिवा स्थिर झाला.

"चहा ठेवू का?" पट्टी म्हणाली.